घरातील ठेवा, समाजाची ठेव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर दानाविषयी बोलले जावे, यात नवल नाही. अन्नदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान यांची महती येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. तथापि आजचा विषय दानाच्या अशा एका प्रकाराचा आहे, ज्याचा विचार व्यापारी कुटुंबांत क्वचितच केला जातो. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या कलावस्तू, जुनी वस्त्रे, चित्रे, हस्तलिखिते आणि धातूच्या वस्तू यांचे पुढे काय करावयाचे, हा तो विषय होय.

हा प्रश्न गुलमंडीच्या परिसरात विशेष निकडीचा आहे. पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत, रंगारगल्लीत, सराफ्यात, औरंगपुऱ्यात जुने वाडे होते. त्यांपैकी अनेकांच्या जागी आज व्यापारी संकुले उभी आहेत. वाडा उतरविताना सागवानी तुळयांना भाव मिळतो, कडीपाटाच्या फळ्यांना गिऱ्हाईक असते. परंतु माळ्यावरच्या ट्रंकेतील जीर्ण हिमरूची शाल, आजीच्या लग्नातील पैठणी, लाल कापडात बांधलेली पोथी किंवा चिनी मातीची जुनी बरणी यांचा निर्णय एका दुपारी, घाईने आणि बहुधा जाणकाराला न विचारता घेतला जातो. काही भावांत वाटले जाते, काही मोडीत जाते, काही दारावर आलेल्या माणसाला दिले जाते. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही : ताग्यातून एकदा फाडलेला तुकडा पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. संग्रहाचेही तसेच आहे.

या भूमीचा वारसा

पैठण आणि तेर ही दोन नावे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-व्यापाऱ्याच्या ग्रंथात येतात. ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या ग्रंथात, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर असल्याची नोंद आहे. तगराहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, असेही त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले. म्हणजेच मराठवाड्याच्या कापड व्यापाराची सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक दोन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि ती परदेशी माणसाने लिहून ठेवली म्हणून शिल्लक राहिली.

याच तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे होऊन गेले. तेरणेच्या काठच्या प्राचीन टेकाडांतून मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे आणि नाणी निघत असत. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती खापरे होती. लामतुरे यांनी ती जपून ठेवण्यास आरंभ केला आणि आयुष्यभर तो छंद सोडला नाही. संग्रह हजारोंच्या घरात गेला. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तेरच्या मूर्तीचे जवळचे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही त्याच परंपरेतील हस्तिदंती शिल्प मिळाले. पाँपेईची मूर्ती कोठून गेली असावी, या प्रश्नाची चर्चा जगातील विद्वान करतात तेव्हा तेर आणि भोकरदन ही नावे घ्यावीच लागतात.

ही नावे घेता येतात, याचे एक कारण असे की लामतुरे यांचा संग्रह फुटला नाही. तो पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तेर येथील शासकीय पुराणवस्तु संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पैठण येथील शासकीय संग्रहालयाला बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे, तेही अशाच खाजगी संग्रहामुळे. आणि सराफ्यातील डॉ. शांतीलाल पुरवार यांनी चिकाटीने जमविलेल्या वस्तूंची ख्याती तर याच शहरातील जुन्या पिढीला परिचित आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) परिसरात कलावस्तूंच्या दानाची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

चष्म्याच्या दुकानातून उभे राहिलेले संग्रहालय

महाराष्ट्रात या दानाचा मानबिंदू म्हणजे पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६. व्यवसाय चष्म्यांचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या जडजवाहिराकडे त्यांचा ओढा नव्हता. दिवे, अडकित्ते, पानदाने, वज्री, दौती, कुलपे, सारीपाट, कोरीव दारे, वाद्ये, चित्रकथी, वस्त्रे अशा रोजच्या जगण्यातील वस्तूंत त्यांना भारतीय कारागिराचे मन दिसले. पत्नी कमलाबाई यांची या कार्यात त्यांना मोलाची साथ होती. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले.

त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्या दुःखाचे त्यांनी काय केले, हे आज सर्वांसमोर आहे : संग्रहालयाला मुलाचे नाव दिले. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९० साली त्यांचे निधन झाले. अर्पण केल्यानंतरची पंधरा वर्षे त्यांनी आपला संग्रह दुसऱ्याच्या मालकीचा झालेला पाहिला आणि तरीही त्यावरचे प्रेम कमी होऊ दिले नाही. मालकी सोडावी आणि ममत्व मात्र सेवेच्या रूपाने ठेवावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ सापडणे कठीण.

येथे हिशेबी मनात एक शंका उभी राहते. चष्म्याच्या व्यवसायातून मिळणाऱ्या उत्पन्नात हे कसे जमले? उत्तर असे की, केळकरांनी जे घेतले ते इतरांना टाकाऊ वाटत होते त्या काळात घेतले. संग्रहाला पैशापेक्षा दृष्टी अधिक लागते. मात्र संग्रह टिकविण्यास पैसा लागतो. आणि तेथेच एकट्या कुटुंबाचे बळ अपुरे पडते.

टाटा बंधू आणि फ्रीअर

दुसरे उदाहरण मुंबईचे. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच सुमारास सर रतन टाटा यांचा संग्रह तेथे आला. सर रतन १९१८ साली इंग्लंडमध्ये निवर्तले होते. आपला संग्रह या संग्रहालयाला मिळावा, अशी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी १९३२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांचाही संग्रह तेथे दाखल झाला. चीनची पोर्सेलिनची भांडी, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या नाजूक कुप्या, जपानची कलाकुसर, युरोपीय चित्रे असा तो ऐवज होता. मराठवाड्यातील शाळकरी मुलगा सहलीला मुंबईस जातो आणि चीन-जपानच्या कारागिरीसमोर उभा राहतो, ते या दोन भावांच्या निर्णयामुळे. ज्या वस्तू दिवाणखान्यात मोजक्या पाहुण्यांनी पाहिल्या असत्या, त्या शंभर वर्षे सर्वसामान्यांनी पाहिल्या.

समुद्रापलीकडे अमेरिकेत चार्ल्स लँग फ्रीअर या उद्योजकाने असेच केले. रेल्वेचे डबे तयार करणाऱ्या धंद्यात त्याने संपत्ती मिळविली आणि चीन, जपान, कोरिया, पश्चिम आशिया येथील कला जमविली. १९०६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने, स्मिथ्सोनियनने, त्याचे दान स्वीकारले. इमारतीचा खर्चही त्यानेच दिला. १९१९ साली तो वारला आणि संग्रहालय १९२३ साली उघडले. मात्र त्याने दानास कडक अटी जोडल्या होत्या : संग्रहातील वस्तू बाहेर कोणालाही प्रदर्शनासाठी उसनी द्यावयाची नाही. वस्तूंचे संरक्षण व्हावे, हा हेतू उदात्त होता. परंतु त्यामुळे ती चित्रे पाहण्यासाठी जगाला वॉशिंग्टनलाच जावे लागले. दात्याने अट घालावी की नाही, हा प्रश्न येथून उभा राहतो. अनुभव असे सांगतो की, अटी थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. वस्तू विकू नये, दात्याचे नाव नोंदीत राहावे, अभ्यासकांना पाहू द्यावे, एवढ्या पुरेत. प्रत्येक वस्तू कायम दर्शनी कपाटातच ठेवावी, असा हट्ट धरल्यास तो वस्तूच्याच मुळावर येतो.

कपाटात ठेवलेल्या वस्तूविषयीचा गैरसमज

समाजात सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप हा की, ‘दिलेली वस्तू तळघरात धूळ खात पडते.’ हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. अनेक शासकीय व स्थानिक संग्रहालयांत मनुष्यबळ अपुरे आहे, छपरे गळतात, नोंदी अपूर्ण असतात. ज्याने वडिलांची आठवण दिली, त्याला हे पाहून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक बंद कपाट म्हणजे हेळसांड नव्हे, हेही समजून घेतले पाहिजे.

वस्त्राचेच उदाहरण घ्यावे. हा विषय गुलमंडीला परका नाही. दुकानाच्या काचेत लावलेली साडी काही महिन्यांत उन्हाकडील बाजूने फिकी पडते, हे प्रत्येक कापड व्यापाऱ्याला ठाऊक आहे. रेशमावर प्रकाशाने झालेला परिणाम कोणत्याही उपायाने मागे घेता येत नाही. म्हणून जाणती संग्रहालये जुनी वस्त्रे मंद उजेडात, ठरावीक मुदतीपुरती मांडतात आणि मग काळोखात विश्रांती देतात. घरात जुनी पैठणी चौघडी करून ठेवली की काही वर्षांनी नेमकी घडीवर चिरते, आणि जर वजनदार असली तर अधिकच. संग्रहालयात ती धुतलेल्या कोऱ्या सुती कापडासह नळीवर गुंडाळून ठेवतात. केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी दर्शनी दालनात सुमारे अडीच हजारच असतात. बाकीच्या वस्तू वाया गेल्या असे नव्हे. त्या पुढच्या पिढीसाठी आणि अभ्यासकासाठी राखलेल्या असतात. दुकानातला सारा माल कोणी दर्शनी काचेत लावत नाही. गोदामही दुकानाचाच भाग असतो. प्रश्न एवढाच की गोदामाची नोंदवही चोख आहे का.

दुसरा आक्षेप वारसांचा. ‘ही घराण्याची वस्तू आहे, बाहेर का द्यावी?’ या भावनेचा आदर केला पाहिजे. जी वस्तू वापरात आहे, जिची काळजी घेणारे हात घरात आहेत, ती घरातच शोभते. तसेच पूजेतील प्रतिष्ठित प्रतिमा हा संग्रहालयाचा विषय नव्हे. तिचे स्थान मंदिरातच. परंतु जिला कोणी उघडून पाहत नाही आणि जिचा विक्रीचा विचारही चालू आहे, ती वस्तू घराण्याची राहिलेली नसते. केवळ घरात राहिलेली असते. चार भावांत बारा चित्रांचा संच तीन-तीन असा वाटला गेला, तर हिशेब बरोबर सुटतो आणि संच मात्र संपतो.

व्यवहार आणि कायदा

दान मनाने करावे, पण कागदाने पूर्ण करावे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ‘पुरावस्तू’ ठरते. दगड, माती, धातू, हस्तिदंत, लाकूड यांची शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी मालकाने नोंदणी अधिकाऱ्याकडे करावयाची असते. मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. वाड्याचा पाया खणताना काही निघाले, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक ठरते. सापडलेले नाणे खिशात घालून नंतर ‘दान’ करणे हे पुण्य नव्हे.

वस्तू कोठून आली, याचा कागद आज जगभर महत्त्वाचा झाला आहे. तामिळनाडूतील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली लक्षावधी डॉलर मोजून घेतली आणि २०१४ साली ती भारताला परत करावी लागली. तेव्हा आजोबांनी वस्तू कोणाकडून, कोठे, केव्हा घेतली, याची चिठ्ठी, पावती किंवा जुन्या वहीतील नोंद असल्यास ती वस्तूइतकीच जपावी. व्यापाऱ्यांच्या जुन्या रोजकीर्दी या दृष्टीने अमोल आहेत. त्या रद्दीत जाऊ नयेत.

अविभक्त कुटुंबाची वस्तू असेल तर कर्त्याने सर्व सहभागीदारांची लेखी संमती घ्यावी. जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते. तरी दानपत्र करावे, त्यास छायाचित्रांसह यादी जोडावी आणि संग्रहालयाच्या आवक नोंदवहीतील क्रमांक लिहून घ्यावा. ती नोंदवही म्हणजे संग्रहालयाची रोजकीर्दच होय. तेथे नोंद नसेल तर वस्तू आहे म्हणण्यास आधार नाही. प्राप्तिकरातील देणगीची सवलत रकमेच्या देणगीला आहे, वस्तुरूप दानाला नाही, हेही आधीच समजून असावे. अमेरिकेतील दात्याला वस्तूच्या बाजारभावावर करसवलत मिळू शकते. भारतातील दात्याने दिले ते निखळ दिले. त्याच्या ताळेबंदातून मालमत्ता कमी होते आणि समोर काहीही जमा होत नाही. शक्य असेल तर वस्तूबरोबर तिच्या जतनासाठी काही रक्कमही द्यावी. केवळ वस्तू दिली तर भार दिला, असेही होऊ शकते.

ज्ञानभांडारांची परंपरा

जैन समाजाला ही कल्पना नवीन नाही. संग्रहालय हा शब्द रूढ होण्याच्या कित्येक शतके आधी पाटण, जैसलमेर येथे ज्ञानभांडारे होती. महाराष्ट्रात कारंजा येथील शास्त्रभांडारे प्रसिद्ध आहेत. श्रावकाने द्रव्य देऊन ग्रंथ लिहवून घ्यावा, तो भांडारास अर्पण करावा आणि शेवटी पुष्पिकेत दात्याचे नाव व संवत लिहिले जावे, ही रीत होती. ती पुष्पिका म्हणजे त्या काळचे दानपत्रच. कारंजाच्या भांडारांतील हस्तलिखितांवर डॉ. हिरालाल जैन यांनी परिश्रम घेतले म्हणून कित्येक अपभ्रंश ग्रंथ जगासमोर आले. ‘करकंडचरिउ’ हा त्यांनी संपादिलेला ग्रंथ तेर आणि धाराशिवच्या लेण्यांशी निगडित आहे. कोणी एका अज्ञात श्रावकाने पोथी दिली नसती, तर मराठवाड्याच्या इतिहासातील तो दुवाही हरवला असता.

आधुनिक काळात अहमदाबादचे वस्त्रोद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांनी मुनी पुण्यविजयजींच्या प्रेरणेने लालभाई दलपतभाई भारतीय विद्यामंदिर स्थापिले आणि मुनिश्रींचा हस्तलिखितांचा संग्रह तेथे विसावला. त्याच शहरात साराभाई कुटुंबाने १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभारले. कापडाच्या धंद्यातून मिळालेले कापडाच्या कलेलाच परत दिले गेले. पैठणी, हिमरू आणि मशरूच्या या नगरीतील वस्त्रव्यावसायिकांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

अपरिग्रहाचा अर्थ काहीच जवळ नसणे, एवढाच गृहस्थासाठी सांगितलेला नाही. परिमाण ठरविणे आणि मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, कमी करणे, हा त्याचा गाभा. रोकड देताना आसक्ती फारशी तुटत नाही, कारण रोकड पुन्हा मिळविता येते. आजोबांच्या हातची वस्तू पुन्हा मिळत नाही. म्हणून तिचे दान अवघड आणि म्हणूनच मोठे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ झाले. घरातील जुन्या वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीचे छायाचित्र काढावे. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसून त्या वस्तूंची माहिती लिहून घ्यावी. कारण वस्तू राहिली आणि माहिती गेली, तर निम्मा ऐवज गेला असे समजावे. आणि वाडा उतरविण्यापूर्वी, वाटणीपूर्वी, विक्रीपूर्वी एखाद्या जाणकाराला ती यादी दाखवावी. द्यावयाचे की ठेवावयाचे, हा निर्णय त्यानंतर ज्याचा त्याने घ्यावा. पण तो माहितीने घ्यावा, घाईने नव्हे.

तेरच्या टेकाडावरची खापरे एका माणसाने वेचली, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठवाड्याचा चेहरा आज पाहावयास मिळतो. दोनशे वर्षांनंतरच्या माणसाला गुलमंडीचा चेहरा पाहावयाचा असेल, तर तो आज येथील घराघरांतील ट्रंकांत आहे.